भंगारातले पार्ट घेऊन स्वस्तात बाइक बांधायची आहे: जुनं काय चालेल, नवंच काय हवं?

चाकवेडा
नमस्कार मंडळी. काकांची २००८ ची स्प्लेंडर प्लस माझ्याकडे आली आहे. आरसी माझ्या नावावर झाली, पंधरा वर्षांनंतरचं रिन्यूअलही झालं, त्यामुळे २०२८ पर्यंत कागदांची काळजी नाही. इंजिन छान आहे, धूर नाही, अर्ध्या किकला सुरू होते. बाकी सगळा आनंद. टाकी खालून सडलीय, पुढचे शॉकअप गळतात, रिमवर गंज चढलाय आणि सीटच्या पत्र्याला हात लावला की भुगा हातात येतो.

विकायची नाहीये. तिचीच थोडी स्क्रॅम्बलर छापाची गाडी करायची आहे. रुंद हँडल, आखूड मडगार्ड, सपाट सीट, जाड नक्षीचे टायर आणि जमलं तर पुढे डिस्क ब्रेक. बजेट तीस हजार, पेंट धरून. म्हणजे निम्मेअधिक पार्ट भंगारातूनच उचलावे लागणार. राहायला पाथर्डी फाट्याला आहे, अंबड जवळच. पण तिथे गेलं की डोळे फिरतात. ढिगात काय बघायचं, काय सोडायचं, कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे अनुभवी लोकांनी सांगावं. एक मित्र म्हणतो इंजिनही बदल, १२५ चं टाक. त्यावरही मत हवंय.

तर्रीबाज
तीस हजार, पेंट धरून? पेंटर नात्यातला आहे का? :-)

गोदाकाठ
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साडेसात-आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला एवढं सगळं करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. भंगारात पार्ट स्वस्त मिळतो हे खरं, पण तो बसवायचा खर्च हिशोबात कुणीच धरत नाही. लेथवाल्याकडे बुश, वेल्डिंग, ब्रॅकेट, पुन्हा रंग, त्यात एखादा पार्ट बसतच नाही म्हणून पडून राहतो. तेवढ्यात मूळ गाडी नव्यासारखी होते, आणि उद्या विकायची म्हटली तर गिऱ्हाईकही मिळतं. मॉडिफाय केलेली स्प्लेंडर कोण घेतो?

भो_नाशिककर
काका, तो विकायची नाही म्हणतोय ना भो. पहिलीच ओळ होती.

आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी जे खोदकाम चाललंय ते बघता शहरात स्क्रॅम्बलरच पाहिजे.

सातपूरचा_पाना
चाकवेडा, आधी इंजिनचं उत्तर. चालणाऱ्या इंजिनला हात लावू नका. तुमच्या गाडीत सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे आणि ती ठीक आहे. भंगारातलं इंजिन म्हणजे बंद पाकीट. किक मारून दाब लागतो का ते कळतं, क्रँकच्या बेअरिंगचा आवाज कळत नाही. हेड उघडून बघू देणारा भंगारवाला मला तरी अजून भेटलेला नाही.

आता बाकीचं. जे पार्ट नुसते बसून असतात ते जुने बिनधास्त घ्या. हँडल, मडगार्ड, हेडलाइटची वाटी, साइड पॅनल, फूटरेस्ट, स्टँड, ग्रॅब रेल, सीटचा सांगाडा, टाकी. यातलं काही वाकडं निघालं तर फार तर दिसायला वाईट दिसेल. जे फिरतात, घासतात, किंवा ज्यांच्यावर थांबणं अवलंबून आहे ते नवे. ब्रेक शू, पॅड, ब्रेकचा होज, सगळ्या केबल, चेनसेट, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग), चाकांची बेअरिंग, ऑइल सील. यात दोनचारशे वाचवायला गेलात तर तेच काम पावसाळ्यानंतर परत करावं लागतं. आणि टायर तर नवेच. भंगारात नक्षी शाबूत असलेला टायर बघून हुरळू नका, बाजूला चार आकडे असतात ते वाचा. ३११४ असेल तर तो २०१४ सालच्या ३१ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही असो, रबर मेलेलं असतं.

मधला गट अवघड. शॉकअप, रिम, डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), चिमटा (मागचं चाक धरणारा). हे जुने घेता येतात, पण बघून. घाईत नाही, संध्याकाळच्या उजेडात तर नाहीच. सकाळी जा, सोबत जुनं फडकं, रॉकेल किंवा डिझेलची छोटी बाटली आणि वायर ब्रश ठेवा. पुसल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही.

रिम कशी बघायची ते सांगतो. अ‍ॅक्सल आडवा धरून चाक फिरवायचं, एका खिळ्याचं टोक कडेला जवळ स्थिर धरायचं. टोक आणि रिममधली फट फिरताना कमी-जास्त होत असेल तर आउट आहे. डावी-उजवीकडे थोडं आउट असेल तर स्पोक ओढून निघतं. वर-खाली उडत असेल किंवा कडेला खड्ड्यात आपटल्याची चपटी जागा असेल तर सोडा. स्पोकच्या निपलच्या मुळाशी गंज आत गेलाय का तेही बघा, बाहेरचा क्रोम फसवतो. स्वतःची हब चांगली असेल तर नुसती ३६ भोकांची १८ इंची रिम आणि नवे स्पोक घेऊन चाक बांधून घेणं जास्त शहाणपणाचं.

चाकवेडा
पाना दादा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. इंजिनचा विषय बंद. डिस्कसाठी काय करू? मित्राच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे पल्सरचा पुढचा पूर्ण सेट आहे, दिसायला दणकट वाटतो.

वर्नियर
मी एमआयडीसीत क्वालिटीत काम करते, त्यामुळे सवयीने पहिला प्रश्न: मोजलंत का?

पुढचा सेट बदलताना लोक पाइपची जाडी बघतात. ती नंतर. आधी टी-स्टेम, म्हणजे दोन्ही शॉकअप धरून चेसीच्या गळ्यात फिरणारा दांडा. तुमच्या चेसीच्या गळ्याची उंची, वरच्या आणि खालच्या रेसचा (बेअरिंगच्या कड्यांचा) बाहेरचा व्यास, स्टेमचा व्यास. हे चार आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि डिजिटल वर्नियर (जाडी-व्यास मोजायचं साधन) घेऊन जा, साधा स्वस्तातला चालेल. पल्सरचा स्टेम तुमच्या गळ्यात थेट बसण्याची अपेक्षा ठेवू नका. मग लोक काय करतात? स्टेम दाबून काढतात, दुसरा दाबून बसवतात आणि वेल्डिंगचा टाका मारतात. तो टाका तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये असतो. नको.

त्यापेक्षा स्प्लेंडरच्याच कंपनीच्या जवळच्या मॉडेलचा सेट शोधा. पॅशन प्रोचा डिस्कवाला सेट स्प्लेंडरला बसवलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. तरीही मोजा, कारण वर्षागणिक बदल होतात. आणि सेट पूर्ण घ्या. टी-स्टेम, दोन्ही शॉकअप, हबसकट चाक, अ‍ॅक्सल, स्पेसर, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (हँडलवरचा ब्रेक ऑइलचा पंप), सगळं एकाच गाडीचं. मास्टर सिलिंडर एका गाडीचा आणि कॅलिपर दुसरीचा घेतला की पिस्टनचे व्यास जुळत नाहीत. मग लिव्हर एक तर दाबता दाबत नाही, नाहीतर थेट हँडलला टेकतो. स्पेसर तर हमखास हरवलेला असतो, आणि त्याशिवाय चाक मध्यात येत नाही.

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. घासलेल्या पट्ट्यावर मोजा, कडेला नाही. कडेला घासलेलं नसतं म्हणून तिथे नेहमी जास्त भरते.

गोदाकाठ
बघा, सुरू झालं. पूर्ण पुढचा सेट, वर नवा होज, पॅड, सील, ब्रेक ऑइल, कोनसेट. तीस हजारातले किती उरले?

सातपूरचा_पाना
काका, हिशोब तुमचा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तो शॉकअप आणि पुढची रिम तसेही बदलणारच होता. डिस्क सेटमध्ये ती दोन्ही कामं होऊन जातात.

कलम५२
कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं. नियमबाह्य बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इंजिन क्रमांक आरसीवर असतो. इंजिन बदललं आणि आरटीओची मंजुरी व नोंद नसली तर रस्त्यावर तुमच्याकडे उत्तर नाही. चेसी कापून मागची शेपटी छोटी करणं, हा आजकाल प्रत्येक व्हिडिओत दिसणारा प्रकार, सरळ सरळ त्या कलमात बसतो. अपघातात विमा कंपनी गाडी तपासते तेव्हा असे बदल दाव्याच्या आड येऊ शकतात. कृपया धाग्यात लिहिताना हेही लिहा, नुसतं वर्नियर-वर्नियर नको.

भो_नाशिककर
साहेब, मग अख्ख्या कॉलेज रोडवर जे फिरतंय ते काय?

कलम५२
ते पकडले गेलेले नाहीत. त्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही.

वर्नियर
मुद्दा मान्य, वर्नियर सोडणार नाही. :-) पण एक विचारते. डिस्क ब्रेक आरसीवर नोंदलेला नसतो. ड्रमच्या जागी त्याच कंपनीचा डिस्क सेट बसवला तर तो तपशिलातला बदल धरतात का?

कलम५२
कडक वाचन केलं तर मूळ तपशिलापेक्षा वेगळं ते वेगळंच, आणि निकालाचा रोख त्याच बाजूचा आहे. मी आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन लेखी विचारेन, मगच सेट विकत घेईन. इंजिन, चेसी, इंधन, गाडीचा प्रकार, सीटची संख्या यांना मात्र हातच लावू नये. एकच सीट ठेवणार असाल तर तीही आरसीत दोन आहे हे ध्यानात घ्या. आणि सायलेन्सर! आवाज वाढवलात तर कलम १९०(२), पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं.

आरएक्स_आजही
हे सगळं वाचून एकच वाटतं, आमच्या वेळी आरएक्स १०० असं काही करायची गरजच नव्हती. जशी शोरूममधून यायची तशीच देखणी. १९९६ ला बंद झाली आणि आता तिचा सडका सांगाडा पण लोक सोन्याच्या भावात विकतात.

तर्रीबाज
आले! प्रत्येक धाग्यात आरएक्सवाले येणार हा सृष्टीचा नियम आहे.

आरएक्स_आजही
नियम तर नियम. पण विषयाला धरून सांगतो. आरएक्सच्या नादात मी भंगारबाजार पुष्कळ पालथे घातले. नाशिक, मालेगाव, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या गाडीला नाव झालं की तिचे नकली पार्ट सर्वांत जास्त निघतात. 'ओरिजनल काढलेला आहे' म्हणून देतात, हातात घेतलं की वजनावरून कळतं. स्प्लेंडरवाल्यांचं नशीब इथे चांगलं आहे. गाड्या लाखोंनी विकल्या गेल्या, त्यामुळे खरा कंपनीचा जुना पार्ट नकली नव्यापेक्षा स्वस्त मिळतो. माझं मत असं की नकली नवा आणि अस्सल जुना यात बसून राहणाऱ्या पार्टसाठी डोळे झाकून अस्सल जुना घ्यावा. डोळे झाकून म्हणजे बघूनच.

चाकवेडा
अंबडला नेमकं कुठे जावं? मी लहानपणी लिंक रोडला जो बाजार पाहिलाय तो आता तसा दिसत नाही.

लिंकरोडवाला
अंबड-सातपूर लिंक रोडचा बाजार महापालिकेने २०१७ मध्ये पाडला. मग हळूहळू पत्रे परत उभे राहिले, २०२५ मध्ये पुन्हा जेसीबी फिरले. आधी एका रांगेत चालत गेलं की इंजिनपासून आरशापर्यंत सगळं दिसायचं, आता माल विखुरलाय. कुणी गोडाऊनमध्ये, कुणी शेतातल्या शेडमध्ये. त्यामुळे ठिकाण सांगून उपयोग नाही, माणूस ओळखीचा लागतो. आणि तो माणूस तुमच्या जवळच्या गॅरेजवाल्याकडून मिळतो. त्याला रोज दोन-चार पार्ट लागतात, त्याचा पुरवठादार ठरलेला असतो. त्याच्याकडून चेनसेट आणि केबल घ्या, तो शॉकअपसाठी फोन लावून देतो.

भाव करताना एक लक्षात ठेवा. भंगारवाला गाडी किलोवर घेतो आणि पार्ट नगावर विकतो. एक-एक पार्ट विचारला तर नगाचा भाव लागतो. चार-पाच गोष्टी एकत्र काढून ठेवा, 'हे सगळं मिळून काय?' विचारा, तिथे तो किलोत विचार करायला लागतो. मोबाइलमध्ये नव्या पार्टची किंमत आधी काढून ठेवा. नव्याच्या निम्म्याच्या वर मागत असेल तर निघायचं. बहुतेक वेळा हाक येते.

भो_नाशिककर
हाक आली नाही तर?

लिंकरोडवाला
तर त्याला खरं गिऱ्हाईक माहीत आहे. दुसरीकडे जा.

कलम५२
आणखी एक. चोरीचा माल. तो चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला जागा असताना घेतला तर घेणाराही अडकतो. पूर्वी भादंवि ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. 'मला काय माहीत' हे उत्तर तेव्हाच टिकतं जेव्हा तुम्ही बिल घेतलेलं असतं, मग ते साध्या कागदावर हाताने लिहिलेलं का असेना. नाव, फोन, तारीख, पार्टचं वर्णन. ज्या गाडीवरून सेट काढला तिला नंबर प्लेट असेल तर फोटो घ्या आणि परिवहनच्या ॲपवर क्रमांक टाकून बघा. मालकाने गाडी मोडीत काढल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (कलम ५५), पण बरेच जण कळवत नाहीत. म्हणून ॲपवर गाडी चालू दिसली एवढ्यावरून ती चोरीची ठरत नाही. चेसी किंवा इंजिनवरचे आकडे घासलेले दिसले तर मात्र त्या ढिगातलं काहीच घेऊ नका, आरसासुद्धा नाही.

वैतागलेला_वायरमन
सगळे लोखंडातच अडकलेत. वायरिंगचं कोण बघणार? जुनी वायरिंग हार्नेस (गाडीतल्या सगळ्या तारांचा जुडगा) भंगारातून कधीही आणू नका. आत हिरवी पडलेली तांब्याची तार बाहेरून दिसत नाही आणि पहिल्या पावसात इग्निशनच्या जोडात पाणी शिरलं की गाडी त्र्यंबकरोडला बंद. नवी हार्नेस तुमच्याच मॉडेलची घ्या.

आता चाकवेडाला पुढे जाऊन भेडसावणारा प्रश्न आत्ताच सांगतो. तुमच्या २००८ च्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटमधून (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या भागातून) थेट एसीवर चालतो. म्हणूनच रेस सोडली की मंद होतो. तुम्ही गोल एलईडी आणून त्याच वायरला जोडला की तो लुकलुकतो किंवा उडतो. त्यासाठी मॅग्नेटची प्लेट आणि रेग्युलेटर, दोन्हीकडे काम करावं लागतं. एवढं करायचं नसेल तर जुन्या गाडीची गोल वाटी घ्या, त्यात साधा हॅलोजन बल्ब ठेवा. सुंदर दिसतो. सीडीआयही (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दुसऱ्या गाडीचा लावू नका, एसी सीडीआय आणि डीसी सीडीआय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्लग जुळतो म्हणून लोक घालतात आणि मग भंगारवाल्याला शिव्या देतात.

सातपूरचा_पाना
वायरमन भाऊंना अनुमोदन. टाकीबद्दल राहिलं होतं.

टाकी घेताना झाकण उघडून टॉर्च मारा. वरचा रंग विसरा. आत नारिंगी पावडर असेल तर चालेल, पापुद्रे असतील तर नाही. तळाला, दोन पत्रे जुळतात त्या शिवणीवर नखाने दाबा. एम-सील किंवा पुट्टी लावलेली असेल तर त्याखाली भोक आहेच. नळाच्या जागेचे आटे बघा. चेसीवर बसणारा मधला बोगदा तुमच्या चेसीच्या नळीपेक्षा रुंद हवा. हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला टेकतं का, हे विकत घेण्याआधी कळणार नाही, म्हणून जुनी टाकी सोबत न्या आणि शेजारी ठेवून मापा.

आत साफ करायला लिंबूसत्त्वाचं गरम पाणी आणि मूठभर जुने नट. भरपूर हलवा, रात्रभर ठेवा, सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा. वाळवायला उशीर झाला की तासाभरात पुन्हा गंज येतो.

आणि वेल्डिंग. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ असते. महिनोन्महिने कोरडी पडलेली टाकीसुद्धा उडू शकते. जो वेल्डर 'काही होत नाही, आणा' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. जो आधी धुऊन, पाणी भरून, फक्त कामाची जागा मोकळी ठेवतो त्याच्याकडे जा.

अंजनेरीचा_वारा
एक बाजूचा मुद्दा. मागचे शॉकअप लांब टाकून गाडी उंच करण्याची फॅशन आहे. मागची बाजू वर गेली की पुढचा कोन उभा होतो, गाडी वळणावर चंचल होते. वर चेन चिमट्याच्या बुशावर घासायला लागते आणि साइड स्टँडवर गाडी जास्तच कलते. कसारा घाटात मागे पिलियन बसवून उतरताना हे लक्षात येतं, तेव्हा उशीर झालेला असतो. टायरही मागे ३.०० पर्यंतच ठेवा. स्प्लेंडरला मुळात २.७५-१८ आहे. ३.०० हून जाड गेलात की चेन किंवा ब्रेक रॉडला लागतो. नक्षी जाड घ्या, टायर नको.

चाकवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी ओळखीने एका शेडमध्ये जाऊन आलो. पॅशन प्रोचा डिस्कवाला पूर्ण सेट मिळतोय, स्पेसरसकट. गळ्याचे आकडे घेऊन गेलो होतो, रेसचे व्यास जुळले, स्टेमची लांबीही जुळतेय. गाडीची नंबर प्लेट होती, फोटो काढलाय, बिल लिहून द्यायला तो तयार आहे. पैसे अजून दिलेले नाहीत, आधी पेठ रोडला जाऊन येतो. अडचण एकच. डाव्या पाइपवर मधोमध दोन ठिकाणी बारीक काळे ठिपके आहेत आणि मला उजवा किंचित वाकल्यासारखा वाटतो, पण खात्री नाही. घेऊ की नको?

गोदाकाठ
एवढी तयारी करून गेलात हे आवडलं. मत बदललेलं नाही, पण आवडलं.

वर्नियर
ठिपके कुठे आहेत त्यावर आहे. शॉकअपच्या रबरी बुटाच्या किंवा टी-स्टेमच्या आत झाकले जाणारे असतील तर विसरा. ऑइल सील जिथून वर-खाली होतं त्या पट्ट्यात असतील तर नख फिरवा. नख अडलं तर नवं सीलही थोड्या दिवसांत फाटून गळणार. तो पाइप बदलायचा. त्यासाठी अख्खा सेट सोडायची गरज नाही, पाइप सुटे नवे मिळतात. तेवढे पैसे भावातून कमी करून मागा.

वाकलेला आहे का हे डोळ्याने ठरवू नका. पाइप बाहेर काढून जाड काचेवर लोळवा आणि खाली कागदाची पट्टी सरकते का बघा. किंवा अंबडमधल्या कुठल्याही लेथवर व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल (बारीक फरक दाखवणारं मीटर) लावा, चहाच्या पैशात काम होतं. पाइप वाकलेला निघाला तर टी-स्टेमही तपासायचा, कारण धडक दोघांनी मिळून खाल्लेली असते. खालच्या टीच्या वेल्डपाशी रंगाला बारीक सुरकुत्या किंवा तडा दिसला तर सेट सोडा, कितीही स्वस्त असो. शंका वाटली तर डाय पेनिट्रंट मारून बघता येतं, लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर मारायची, तडा असेल तर लाल रेघ उमटते. एमआयडीसीत हे रोजचं काम आहे.

सातपूरचा_पाना
ताईंनी सांगितलंय त्यात एकच भर. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. चेसीच्या स्टँडला ठीक आहे, पुढच्या शॉकअपला नाही. बदला.

सेट बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला गंगापूर धरणापर्यंतच जा-ये करा, घाट नको. परत आल्यावर कोनसेटचा नट, अ‍ॅक्सल आणि कॅलिपरचे बोल्ट पुन्हा तपासा. नवे स्पोक बांधले असतील तर तेही सैल होतात, एक-एक हाताने दाबून बघा. डिस्कचे पॅड नवे असले की सुरुवातीला ब्रेक कमी लागतो, घाबरू नका आणि भरवसाही ठेवू नका.

चाकवेडा
ठीक. उद्या पाइप काढून लेथवर घेऊन जातो. मडगार्ड आणि ग्रॅब रेल त्याच्याकडूनच एकत्र सांगतो, लिंकरोडवाला म्हणाले तसं. आखूड मडगार्ड पावसात चिखल थेट सायलेन्सरवर आणि पाठीवर मारेल का?

अंजनेरीचा_वारा
मारणारच. मागचं मडगार्ड कापू नका, मूळचंच ठेवा. इगतपुरीच्या पावसात पिलियन तुमचे आभार मानेल.

नवा_सभासद_७
छान धागा. सगळा वाचला नाही. माझ्याकडे सीडी डॉन आहे, तिला हाच पॅशन प्रोचा सेट बसेल का?

वर्नियर
गळ्याची उंची आणि दोन्ही रेसचे व्यास मोजून इथे टाका, मग सांगते.